फेस मिस्ट आणि गुलाबजल : त्वचेतील ओलावा टिकवण्यासाठी निवड व वापर

उन्हाळ्याची चाहूल लागली की औषधांच्या व सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत चेहऱ्यावर फवारण्याच्या द्रवांच्या बाटल्या ठळकपणे मांडल्या जातात. इंग्रजीतील ‘फेस मिस्ट’ हे नाव आता मराठीतही रुळले आहे. ही वस्तू मात्र भारतीय घरांना नवी नाही. पाहुण्यांवर गुलाबदाणीतून गुलाबजल शिंपडण्याची प्रथा आणि उन्हातून आल्यावर चेहऱ्याला गुलाबजल लावण्याची सवय देशाच्या अनेक भागांत जुनी आहे. आता त्याच जोडीला ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल, कोरफड किंवा औष्णिक झऱ्याचे पाणी असलेले तयार फवारे मिळतात. त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते आणि दावेही निरनिराळे असतात. अशा वेळी हा फवारा त्वचेसाठी नेमके काय करतो, काय करू शकत नाही आणि तो कसा निवडावा, याची माहिती असणे उपयुक्त ठरते.

त्वचेतील पाणी कोठे असते?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो. शरीराच्या बहुतांश भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे, असे वर्णन त्वचाशास्त्रात केले जाते. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा त्यांना जोडणारा चुना. पेशींच्या आत अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टिक आम्लाचे क्षार यांसारखी पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की त्वचा खरखरीत होते, ताणल्यासारखी वाटते आणि तिचे पापुद्रे निघू लागतात.

शरीराच्या आतील पाणी या भिंतीतून सतत, न दिसणाऱ्या वाफेच्या रूपाने बाहेर जात असते. हा घामाहून वेगळा ऱ्हास आहे. तीव्र साबण, फार गरम पाणी, कोरडी हवा, वाढते वय आणि एक्झिमासारखे विकार यांमुळे भिंतीतील ‘चुना’ कमी होतो व हा ऱ्हास वाढतो. म्हणूनच कोरडेपणाचा उपाय दुहेरी असतो. बाह्य थराला पाणी मिळाले पाहिजे आणि मिळालेले पाणी तेथे टिकले पाहिजे. फवारा यांतील पहिले काम करतो. दुसरे काम त्यातील घटकांवर आणि त्यानंतर लावल्या जाणाऱ्या मलमावर अवलंबून असते.

नुसत्या पाण्याची मर्यादा

चेहऱ्यावर नुसते पाणी फवारले असता ते काही मिनिटांत उडून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ती मुख्यतः त्वचेकडून घेतली जात असल्याने लगेच गारवा जाणवतो. हा गारवा खरा असला, तरी तो ओलाव्याचा पुरावा नव्हे. पाणी उडाल्यावर बाह्य थर पुन्हा पूर्वीच्या स्थितीला येतो आणि कोरड्या हवेत वारंवार ओले होणे व सुकणे यामुळे काहींना त्वचा अधिक ताणल्यासारखी वाटते.

याची खात्री घरीच करून घेता येते. दोन्ही हातांच्या पाठीवर सारखाच फवारा मारावा. एका हातावर तो तसाच सुकू द्यावा. दुसऱ्या हातावर ओल असतानाच साधे मॉइश्चरायझर पातळसर लावावे. अर्ध्या तासाने दोन्ही हातांना स्पर्श करून पाहावा. बहुतेक वेळा दुसरा हात अधिक मऊ लागतो. महागडी बाटली विकत घेण्यापूर्वी हा साधा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही.

फवाऱ्यांचे मुख्य प्रकार

बाजारातील फवारे ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार औष्णिक झऱ्याच्या पाण्याचा. फ्रान्समधील काही झऱ्यांचे पाणी हवाबंद डब्यांत, नायट्रोजन वायूच्या दाबाखाली भरून विकले जाते. बाहेरची हवा आत जात नसल्याने त्यात परिरक्षक घालावा लागत नाही व सुगंधही नसतो. त्यामुळे ते संवेदनशील त्वचेला सहसा मानवते. तथापि त्यात क्षारांव्यतिरिक्त पाणीच असते, म्हणून वर सांगितलेली मर्यादा त्यालाही लागू पडते.

दुसरा प्रकार गुलाब, केवडा, खस यांसारख्या वनस्पतींच्या ऊर्ध्वपातित जलांचा. तिसऱ्या प्रकारात पाण्याबरोबर ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्लाचे क्षार, पॅन्थेनॉल यांसारखी ओलावा धरणारी द्रव्ये असतात. त्वचेत ओलावा टिकवणे हा हेतू असेल तर हाच प्रकार अधिक उपयोगी ठरतो. चौथा प्रकार रंगभूषा टिकवण्यासाठीच्या फवाऱ्यांचा. त्यांत चेहऱ्यावर पातळ पापुद्रा तयार करणारी द्रव्ये आणि पुष्कळदा अल्कोहोल असते. बाटली सारखीच दिसत असली तरी या फवाऱ्याचा उद्देश निराळा असतो, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

गुलाबजल : कनौजची परंपरा आणि आजचा बाजार

उत्तर प्रदेशातील कनौज हे अत्तर आणि गुलाबजल यांचे देशातील प्रसिद्ध केंद्र आहे. येथे ‘देग-भपका’ ही पारंपरिक ऊर्ध्वपातन पद्धत अद्याप वापरात आहे. देग म्हणजे तांब्याचे मोठे भांडे. पहाटे खुडलेली फुले पाण्यासह त्यात घालतात, झाकणाच्या कडा मातीने लिंपून बंद करतात आणि खाली मंद आच देतात. निघणारी सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यात जाते. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असल्याने वाफ थंड होऊन तेथे द्रव साचतो. अत्तरासाठी भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. गुलाबजलासाठी साचलेले सुगंधी पाणीच गोळा केले जाते. या उद्योगाला शास्त्रीय साहाय्य देण्यासाठी १९९१ मध्ये कनौज येथे सुगंध व सुरस विकास केंद्राची स्थापना झाली. हाथरस जिल्ह्यातील हसायन, राजस्थानातील पुष्कर आणि हळदीघाटीजवळील खमनोर हे परिसरही गुलाबाच्या शेतीसाठी ओळखले जातात.

गुलाबाच्या सुगंधातील फिनाईल इथाइल अल्कोहोल हा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. ऊर्ध्वपातनात तो मोठ्या प्रमाणात गुलाबजलातच राहतो आणि त्यामुळे गुलाबजलाला ओळखीचा सुवास येतो. हाच घटक कृत्रिमरीत्या, स्वस्तात तयार करता येतो. परिणामी, साध्या पाण्यात कृत्रिम सुगंध व किंचित परिरक्षक मिसळून तयार केलेला द्रवही गुलाबजल म्हणून विकला जाऊ शकतो. केवळ वासावरून फरक ओळखणे सामान्य ग्राहकाला अवघड असते. वेष्टनावरील घटकांच्या यादीत गुलाबाच्या फुलांचे जल, म्हणजे ‘रोझा दमास्केना फ्लॉवर वॉटर’, असा उल्लेख आहे की पाणी आणि ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असे शब्द आहेत, हे पाहणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग होय.

खरे गुलाबजलही मुख्यतः पाणीच असते, हे विसरता कामा नये. ते सुवासिक व आल्हाददायक असते, पण ओलावा धरून ठेवण्याची क्षमता त्यात फारशी नसते. शिवाय नैसर्गिक सुगंधामुळेही काही व्यक्तींना ॲलर्जी होऊ शकते. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही.

वेष्टन कसे वाचावे?

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत शरीरावर चोळण्याच्या, ओतण्याच्या, शिंपडण्याच्या किंवा फवारण्याच्या वस्तूंचा समावेश आहे. त्यामुळे फेस मिस्ट या कायद्याच्या कक्षेत येतो. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी देणे अपेक्षित आहे. आयात मालावर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक असावा लागतो. अगदी लहान बाटल्यांना घटकांच्या यादीबाबत सवलत आहे. म्हणून नवे उत्पादन निवडताना शक्यतो मोठ्या बाटलीवरील यादी वाचावी.

एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक या यादीत उतरत्या क्रमाने दिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाणातील घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. हा नियम ठाऊक असला की जाहिरातीतील अनेक दाव्यांचे खरे मोल कळते. बाटलीच्या दर्शनी भागावर केशराचे चित्र असेल आणि यादीत केशराचे नाव परिरक्षकाच्याही नंतर येत असेल, तर त्याचे प्रमाण अत्यल्प असण्याची शक्यता अधिक. याउलट पाण्यानंतर लगेच ग्लिसरीनचे नाव असेल, तर तो फवारा ओलावा धरण्याच्या दृष्टीने गांभीर्याने बनवलेला असण्याचा संभव असतो.

एखादे प्रसाधन मुरूम, एक्झिमा किंवा बुरशीजन्य विकार बरा करते, असा दावा करत असेल तर सावध राहावे. रोग बरा करण्याचा दावा हे औषधाचे क्षेत्र आहे.

कोणते घटक असावेत, कोणते टाळावेत?

ग्लिसरीन हे सर्वाधिक अभ्यासले गेलेले आणि स्वस्त असे ओलावा धरणारे द्रव्य आहे. हायलुरॉनिक आम्लाचे मोठे रेणू त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात व तेथे पाणी धरून ठेवतात. पॅन्थेनॉल व अलॅन्टोइन त्वचेला सुखद वाटतात. कोरफडीचा अर्क पुष्कळांना मानवतो. सेरामाइड किंवा स्क्वालेन यांसारखे स्निग्ध घटक असलेले, दुधाळ दिसणारे फवारेही मिळतात. फार कोरड्या त्वचेसाठी ते अधिक योग्य असतात, मात्र वापरण्यापूर्वी ती बाटली हलवावी लागते.

परिरक्षकांविषयी अनेकांच्या मनात भीती असते. वस्तुतः पाणी असलेल्या आणि वारंवार उघडल्या जाणाऱ्या द्रवात जंतू सहज वाढतात. योग्य प्रमाणातील परिरक्षक हा तेथे संरक्षक असतो. उदाहरणार्थ, फिनॉक्सीइथेनॉल या परिरक्षकाला युरोपीय संघाच्या नियमांत कमाल १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. हवाबंद डबा नसताना ‘परिरक्षकमुक्त’ असे लिहिलेली पाण्याची बाटली अधिक काळजीपूर्वक पारखून घ्यावी.

कोरड्या किंवा संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी यादीत वरच्या क्रमांकावर ‘अल्कोहोल डिनॅट’ असलेला फवारा टाळावा. मेन्थॉल आणि कापूर यांमुळे गारव्याचा भास होतो, पण डोळ्यांभोवती व सोललेल्या त्वचेवर ते झोंबतात. सुगंधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी सुगंधविरहित उत्पादनच घ्यावे. पूर्वी ॲलर्जी झाली असल्यास नवे उत्पादन आधी कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, सुमारे आठवडाभर लावून पाहावे. लाली, खाज किंवा पुरळ न आल्यासच ते चेहऱ्यावर वापरावे.

वापरण्याची पद्धत

१. हात स्वच्छ धुवावेत. चेहऱ्यावर धूळ व घाम असेल तर आधी सौम्य क्लेन्झरने किंवा पाण्याने तो धुवावा. मळलेल्या चेहऱ्यावरील फवाऱ्याने मळ निघत नाही.

२. चेहरा टॉवेलने घासू नये, हलकेच टिपावा व किंचित ओलसर ठेवावा.

३. डोळे व तोंड बंद करून, श्वास क्षणभर रोखून, सुमारे २० सेंटिमीटर अंतरावरून दोन ते चार वेळा फवारावे.

४. फवारा सुकण्यापूर्वी, साधारणपणे तीन मिनिटांच्या आत, आपल्या त्वचेला मानवणारे मॉइश्चरायझर लावावे. या संपूर्ण क्रमातील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

५. सकाळी त्यानंतर सनस्क्रीन लावावे. सनस्क्रीनवर दिवसा मारलेला फवारा उन्हापासून संरक्षण वाढवत नाही. घामाने किंवा पुसल्याने सनस्क्रीन निघून गेले असेल तर ते पुन्हा लावणेच आवश्यक आहे.

बारीक तुषार देणाऱ्या साध्या पंपातून एका दाबासरशी सुमारे ०.१ ते ०.२ मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. दिवसातून दोनदा, प्रत्येकी चार वेळा फवारल्यास १०० मिलिलिटरची बाटली दोन ते चार महिने पुरते. किमतींची तुलना बाटलीमागे न करता दर मिलिलिटरमागे करावी. हाताशी मर्यादित रक्कम असेल तर ती आधी चांगल्या मॉइश्चरायझरवर आणि सनस्क्रीनवर खर्च करावी. फवारा ही त्यानंतरची सोय आहे.

प्रदेश आणि ऋतू यांनुसार निवड

भारतासारख्या विस्तीर्ण देशात एकच सल्ला सर्वांना लागू पडत नाही. दिल्ली, जयपूर किंवा नागपूर येथे मे महिन्याच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते. तेथे नुसत्या पाण्याचा फवारा क्षणात उडतो. ग्लिसरीनयुक्त फवारा आणि त्यावर मॉइश्चरायझर ही जोडी अशा ठिकाणी आवश्यक ठरते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील थंड, कोरड्या प्रदेशात स्निग्ध मलमाला प्राधान्य द्यावे. तेथे फवारा दुय्यम मानावा.

याउलट मुंबई, पणजी, चेन्नई किंवा कोलकाता येथील दमट हवेत बाह्य थराला पाण्याची टंचाई सहसा भासत नाही. चेहरा चिकट वाटत असताना पुन्हा पुन्हा फवारा मारण्यापेक्षा चेहरा धुणे व हलके जेल मॉइश्चरायझर लावणे पुरेसे होते. मात्र दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्यांना किनारपट्टीच्या शहरांतही कोरडेपणा जाणवू शकतो. विमानाच्या आतील हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहूनही कमी असते. प्रवासात केवळ फवारा मारत राहण्याऐवजी निघण्यापूर्वीच मॉइश्चरायझर लावणे अधिक उपयुक्त असते.

तीव्र उन्हाळ्यात आणखी एक खबरदारी घ्यावी. फेस मिस्टमुळे चेहऱ्याला थंडावा वाटला तरी शरीराचे तापमान त्याने आटोक्यात येत नाही. भोवळ, उलटी, गोंधळलेली अवस्था किंवा तीव्र ताप ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन, अंगावरील जादा कपडे काढून, सर्व शरीर ओले करून वारा घालावा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवावी.

घरगुती मिश्रणे : लिंबाचा धोका

गुलाबजल, ग्लिसरीन आणि लिंबाचा रस हे मिश्रण अनेक घरांत पिढ्यान्पिढ्या वापरले जाते. यांपैकी पहिल्या दोन घटकांत आक्षेपार्ह असे फारसे काही नाही. लिंबाचा रस मात्र वगळावा. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो व त्याचा सामू ५ च्या आसपास असतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ इतका, म्हणजे कितीतरी अधिक तीव्र असतो. त्याहून गंभीर बाब अशी की, लिंबात फ्युरोकौमारिन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागल्यास भाजल्यासारखी लाली व फोड येऊ शकतात आणि नंतर काळे डाग अनेक आठवडे, कधी कधी महिनोन्महिने राहतात. रंग उजळण्यासाठी लावलेल्या मिश्रणाने चेहऱ्यावर डाग पडावेत, हा विपर्यास टाळता येण्याजोगा आहे.

घरी मिश्रण करावयाचेच असेल तर उकळून गार केलेले पाणी किंवा चांगले गुलाबजल घ्यावे. त्याच्या ९५ भागांत साधारण ५ भाग ग्लिसरीन मिसळावे. घट्ट ग्लिसरीन थेट चेहऱ्यावर लावू नये. हे मिश्रण थोडेच करावे, शीतकपाटात ठेवावे व दोन-तीन दिवसांत संपवावे. काकडीचा रस, तांदळाचे पाणी, कोरफडीचा ताजा गर असे पदार्थ लवकर नासतात. ते बाटलीत साठवून फवारणे इष्ट नव्हे.

साठवण आणि स्वच्छता

पंपाचे तोंड चेहऱ्याला लावू नये व बाटली इतरांबरोबर वाटून वापरू नये. रिकामी बाटली पुन्हा भरावयाची असल्यास ती साबणाच्या पाण्याने धुऊन, पंपातूनही स्वच्छ पाणी काढून, पूर्ण वाळवून मगच भरावी. जुन्या द्रवावर नवा द्रव ओतू नये. रंग, वास बदललेला किंवा तरंगणारे कण दिसणारा द्रव मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावा.

दाबाखालील डबे ५० अंश सेल्सियसहून अधिक तापमानात ठेवू नयेत. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान ही मर्यादा सहज ओलांडू शकते. काही डब्यांत ज्वलनशील वायू वापरलेला असतो. अशा डब्यांचा वापर गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवापुढील निरांजनाजवळ करू नये.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

दम्याच्या रुग्णांनी सुगंधी फवारे बंद खोलीत वापरू नयेत. तान्ह्या मुलांच्या चेहऱ्यावर फवारा मारू नये. फवाऱ्यानंतर जळजळ, सूज किंवा पुरळ आल्यास चेहरा साध्या पाण्याने धुऊन वापर थांबवावा. मॉइश्चरायझर नियमित लावूनही दोन-तीन आठवड्यांत कोरडेपणा कमी न झाल्यास, त्वचेला भेगा पडल्यास, स्राव येत असल्यास किंवा खाजेमुळे झोपमोड होत असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. एक्झिमा, सोरायसिस व बुरशीजन्य विकारांची सुरुवात पुष्कळदा साध्या कोरडेपणासारखीच भासते आणि फवाऱ्याच्या भरवशावर उपचारांना विलंब होतो.

उत्पादनाविषयी तक्रार असल्यास बाटली, वेष्टन व खरेदीची पावती जपून ठेवावी आणि राज्याच्या औषध नियंत्रण यंत्रणेकडे दाद मागावी. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

सारांश, फेस मिस्ट हा त्वचेच्या निगेतील एक छोटा व सुखद टप्पा आहे. सुगंधविरहित किंवा सौम्य, ग्लिसरीनयुक्त, मुदत व परवाना क्रमांक स्पष्ट असलेला फवारा निवडावा आणि तो सुकण्यापूर्वी त्यावर मॉइश्चरायझर लावावे. एवढे पाळले तर कनौजचे गुलाबजल असो वा परदेशी झऱ्याचे पाणी, त्याचा लाभ त्वचेला मिळतो. न पाळल्यास काही मिनिटांचा गारवा तेवढा पदरी पडतो.